एकोणीस नंबरचा बिल्ला

मुलं हरवणारे पाळक जगात पुष्कळ असतील. जास्तीची मुलं घेऊन येणारा पाळक मात्र मी एकच पाहिला आहे, आणि त्याच्याशी माझं लग्न झालेलं आहे.

आमच्या चर्चच्या मागे एक लांबट हॉल आहे. खाणीत काम करणाऱ्यांची मुलं शाळा सुटली की तिथे येतात. आम्ही त्यांना जेवू घालतो, अभ्यास घेतो, थंडीत अंगात घालायला काहीतरी देतो आणि पाच वाजता पाळी सुटली की घरी धाडतो. एकूण मुलं चौतीस. एका शनिवारी पाळकसाहेब त्यांना तळ्यावर सहलीला घेऊन गेले. जाताना चौतीस नेली, येताना पस्तीस आणली. पस्तिसावा एका दातांच्या डॉक्टरचा मुलगा निघाला. तो दुसऱ्याच कोणाच्या तरी सहलीला आला होता, आणि आमचा डबा बरा वाटला म्हणून आमच्याच रांगेत शिरला. त्याचे वडील दोन पोलीस घेऊन दारात आले तेव्हा तो माझ्याकडे तिसऱ्यांदा सूप मागत होता.

"तुम्ही मोजलीत तरी कधी?" मी यांना विचारलं.

"मोजली की. निघताना प्रार्थना केली, तेव्हा मोजली."

प्रार्थनेच्या वेळी हे डोळे मिटतात. 

दुसऱ्या दिवशी उपासना संपल्यावर बिल्लेमास्तर हॉलच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांना सगळी वस्ती ओळखते. खाणीच्या तोंडाशी एक खोली आहे. तिथे मोठा फळा, फळ्यावर खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर नंबर घातलेला पितळेचा बिल्ला. खाली उतरणाऱ्याने आपला बिल्ला उचलून खिशात घालायचा आणि वर आल्यावर परत अडकवायचा. पाळी सुटल्यावर एक जरी खिळा रिकामा दिसला तरी भोंगा होतो, आणि तो माणूस सापडेपर्यंत कोणीही घरी जात नाही. मास्तरांनी एकतीस वर्षं ती खोली सांभाळली. गेल्या वर्षी निवृत्त झाले, आणि तेव्हापासून त्यांच्या हातांना चैन नाही. त्यांनी घरातल्या चमच्यांना नंबर घातले, असं त्यांची सून सांगते. जेवण झालं की चमचे मोजून होईपर्यंत पानावरून कोणाला उठता येत नाही.

"बाई," ते मला म्हणाले, "पोरं डोक्यांनी मोजायची नसतात. डोकी हलतात."

आठवड्याभरात आमच्या दाराशी फळा लागला. मुलांच्या दुधाच्या पावडरचे रिकामे डबे कापून त्यांनी बिल्ले केले, कडा घासून गुळगुळीत केल्या, खिळ्याने ठोकून नंबर उठवले. एक ते चौतीस मुलांचे. पस्तीस पाळकसाहेबांचा. छत्तीस पाहुण्यांसाठी. मला त्यांनी शून्य दिला. तुम्ही इथल्या मुख्य म्हणून, असं म्हणाले. हा मान होता की काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी तो घेतलाच नाही. मी काय खाणीत उतरते का? शून्य आपला पहिल्या खिळ्यावर लटकत राहिला. पाळकसाहेबांनी पस्तीस मोठ्या आनंदाने घेतला, दोन दिवस मिरवला, आणि तिसऱ्या दिवसापासून तो उचलायचं साफ विसरून गेले.

खरं सांगते, मला त्या फळ्याचा पहिल्या दिवसापासून राग होता. चौतीस मुलांनी एकेक करून बिल्ला उचलायचा म्हणजे सूप गार. त्यात सात नंबरसाठी रोज मारामाऱ्या. शेवटी मीच हुकूम काढला की ज्याला जो मिळेल तो त्याने उचलावा, नंबर कोणाच्या बापाचा नाही. मास्तरांचा चेहरा पडला. "नंबर माणसाचा असतो, बाई," एवढंच ते म्हणाले, आणि माझ्यासमोर मान खाली घालून फळा पुसत राहिले.

आता भोंग्याचं सांगते. दूरदूरच्या चर्चच्या मंडळ्या आम्हाला पेट्या भरभरून वस्तू पाठवतात. त्यांचं मन मोठं आहे, यात शंका नाही. पण मन मोठं करून माणूस काय काय पाठवतो ते आमच्या मागच्या खोलीत येऊन बघावं. मेजवानीचे चमकीचे झगे. एकेका पायाचे बूट, तेही बहुतेक डाव्या. बर्फावर घसरायच्या पट्ट्या, आणि आमच्याकडे बर्फ फक्त औषधाच्या दुकानात मिळतो. एक जाडजूड केसाळ कोट, जो घालून आमच्यातला एक मुलगा वर्गात बसला तेव्हा शिक्षिकेने खिडकीतून उडी मारायची तयारी केली होती. हे सगळं उपसता उपसता खोलीत छताला टेकेल एवढा ढीग झाला आहे. आम्ही त्याला डोंगर म्हणतो. त्याच डोंगरातून एके दिवशी हाताने फिरवायचा भोंगा निघाला. मी तो भंगारात द्यायला बाजूला ठेवला, तर मास्तरांनी छातीशी धरून नेला.

आमच्या वस्तीत भोंगा वाजला की कोणी कारण विचारत नाही. पीठ मळत असेल तर तशा हातांनी, अंगाला साबण लावला असेल तर तसाच माणूस धावत सुटतो. हे मास्तरांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी त्यांनी पहिला भोंगा वाजवला तो आमच्या बिशपसाहेबांसाठी. बिशपसाहेब हॉल बघायला आले, छत्तीस नंबरचा बिल्ला मानाने घेतला, आणि खिशात तसाच घेऊन गाडीत बसले. वस्तीतली साठ माणसं डोक्यावर दिवे लावून धावली. रेल्वेच्या फाटकाशी त्यांनी गाडी अडवली आणि बिशपसाहेबांना परत आणून त्यांच्याच हाताने बिल्ला अडकवायला लावला. त्यांनी बिल्ल्यासाठी छोटीशी प्रार्थनाही केली. मी लाजेने स्वयंपाकघरात जाऊन बसले होते.

त्या संध्याकाळी मी मास्तरांना धारेवर धरलं. "आणखी एकदा हा भोंगा वाजला, तर फळा उतरवीन, आणि तुम्हीही उद्यापासून घरी चमचेच मोजा."

ते भोंग्यावर फडकं टाकून निघून गेले. मला वाटलं, बरं झालं, समजले. नंतर त्यांची सून मला म्हणाली की त्या दिवसापासून बाबा जेवत नीट नाहीत. वर्षभर कोंबडा आरवायच्या आत उठून खाणीच्या दारात जाऊन उभे राहायचे, आणि हा फळा लागल्यापासून कुठे सकाळी आठपर्यंत झोपायला लागले होते. मला ऐकून वाईट वाटलं. पण मी शब्द मागे घेणाऱ्यातली नाही, हा माझा दुर्गुण आहे.

अशा स्थितीत तो गुरुवार आला.

आमच्याकडे एक सात वर्षांची मुलगी आहे, तिला सगळे गोगलगाय म्हणतात. खायला शेवटची, लिहायला शेवटची, निघायला शेवटची. दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली. बाप खाणीत सुरुंग लावतो, अंगाने एवढा बारीक की दोन बरगड्यांमधून वारा जावा. बायको गेल्यापासून तो पहिल्या पाळीला जोडून दुसरीही करतो. घरी येतो तेव्हा पोरगी झोपलेली, आणि ती शाळेला निघते तेव्हा तो कामावर. शेजारीण दाराला कडी आहे की नाही एवढं बघते. त्या दिवशी गोगलगाय जरा लंगडत होती. मी पेटीतले बूट तिला दिले होते ते दोन नंबर मोठे होते, म्हणून बूट चावत असेल असं समजून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

सव्वापाचला मुलं गेली. मी भांडी आवरत होते. तेवढ्यात दाराशी मास्तरांचा आवाज आला, अगदी बारीक.

"बाई, एकोणीस नाही."

मी बाहेर आले. चौतीस खिळ्यांपैकी एक रिकामा होता.

"कोणीतरी विसरून घरी नेला असेल. उद्या आणेल."

"असेल," ते म्हणाले. भोंग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.  "बाई, मी एकतीस वर्षं रिकामा खिळा ठेवून घरी गेलेलो नाही. तुम्ही फळा खुशाल उतरवा." आणि त्यांनी भोंगा फिरवला.

दहा मिनिटांत सगळी वस्ती हॉलसमोर हजर. पहिली पाळी नुकती वर आलेली, त्यामुळे निम्म्यांची तोंडं काळी. दुसरी पाळी सहाला उतरायची, तीही आली, पाळीच्या कारकुनासकट. न्हाव्याच्या खुर्चीतून एकजण अर्धी दाढी घेऊन आला होता. आया आपापल्या पोरांना बखोटीला धरून आल्या. मी पायरीवर उभी राहून मुलं मोजली. डोळे उघडे ठेवून मोजली. चौतीस.

"झालं?" मी म्हटलं. "सगळी आहेत. जा घरी."

कोणी हललं नाही.

"पोरं चौतीस," मास्तर सावकाश म्हणाले, "आणि बिल्ले तेहतीस. म्हणजे एकजण आत आहे."

"अहो, चौतीसच्या चौतीस समोर उभी आहेत. आत कोण असणार?"

"पस्तिसावा," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

आणि सगळ्यांना एकदम तो डॉक्टरचा मुलगा आठवला. आमच्या पाळकसाहेबांचं मोजणं सगळ्या वस्तीला माहीत होतं. एक झाला तसा दुसराही झाला असेल. माणसांचं मोजणं चुकतं, बिल्ला खोटं बोलत नाही, हे ती माणसं आईच्या दुधाबरोबर शिकलेली. 

त्यांनी हॉल शोधला, बाकांखाली शोधलं, पियानोचं झाकण उघडून आत दिवा मारला. शेवटी मागच्या खोलीचं दार ढकललं, तर ते चार बोटं उघडून अडलं. आतला डोंगर दाराशी कोसळला होता.

"छत बसलंय," अर्धी दाढीवाला गंभीरपणे म्हणाला.

"कपडे आहेत ते," मी म्हटलं.

माझं कोण ऐकतो. खाणीत करतात तसंच सगळं सुरू झालं. एकाने सगळ्यांना गप्प केलं. दुसऱ्याने भिंतीवर तीन ठोके मारले आणि कान लावला. मी कपाळाला हात लावणार, तेवढ्यात भिंतीच्या आतून तीन ठोके परत आले.

बाहेर आया रडायला लागल्या.  कोणाचं तरी लेकरू माझ्या चमकीच्या झग्यांखाली गुदमरत होतं आणि मी भांडी घासत होते. मी मनातल्या मनात प्रभूला म्हटलं की आता याला सुखरूप काढ, पुन्हा फळ्याला नावं ठेवणार नाही.

आत शिरायला सगळ्यात बारीक माणूस हवा होता. सुरुंगवाला पुढे झाला. दोन पाळ्यांच्या मधल्या तासात तो खाणीबाहेरच्या बाकावर झोपतो, तिथून तो धावत आला होता. डोळे तांबारलेले, एका गालावर बाकाच्या फळीचा वळ. त्याच्या कमरेला दोर बांधला. मागे कपडे ढासळू नयेत म्हणून चर्चमधले बाक आणून आधार दिले. आमची गोगलगाय सगळ्यांत पुढे, दोरापाशी, हातात कंदील धरून उभी होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. लंगडत आली आणि उभी राहिली, आणि एवढा वेळ हात वर धरून एकदाही हलली नाही. मला कौतुक वाटलं.

पाऊण तास लागला. दाराच्या फटीतून आधी झगे आले, मग घसरायच्या पट्ट्या आल्या, मग तेवीस डावे बूट. मग सुरुंगवाल्याने आतून दोराला झटका दिला आणि माणसांनी ओढायला सुरुवात केली. आधी तो आला. त्याने केसाळ कोटात गुंडाळलेलं एक मोठं गाठोडं छातीशी धरलं होतं. गाठोड्याला कानटोपी होती.

"अरे, हळू," गाठोडं म्हणालं. "चष्मा आहे."

ते आमचे पाळकसाहेब होते.

दुपारी तीन वाजता ते गोगलगाईच्या मापाचा उजवा बूट शोधायला आत गेले होते. मागे डोंगर कोसळला हे त्यांना कळलंच नाही. एका मोठ्या पेटीत त्यांना जुनं भूगोलाचं पुस्तक सापडलं, तेव्हा ते पेटीतच बसून वाचायला लागले. थंडी वाजली म्हणून कोट घातला, कानटोपी घातली, आणि त्यामुळे भोंगा ऐकू आला नाही. "कोणीतरी दार ठोठावलं," ते मला समजावून सांगू लागले, "म्हणून मीही ठोठावलं. या म्हटलं, उघडंच आहे. पण कोणी आलं नाही."

त्यांना स्ट्रेचरवर निजवण्यात आलं. ते नको नको म्हणत होते, पण नियम म्हणजे नियम. कोणी पाणी पाजलं, कोणी तळवे चोळले. मास्तर स्ट्रेचरशेजारी वाकले.

"पाळकसाहेब, पस्तीस नंबर खिळ्यावर आहे. बिल्ल्याशिवाय आत उतरलात कसे?"

पाळकसाहेब ओशाळले. त्यापेक्षा जास्त मी ओशाळले, कारण माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. तीन वाजल्यापासून माझा नवरा नाहीसा होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. कुठेतरी आजाऱ्याला भेटायला गेले असतील, असंसुद्धा मी म्हटलं नव्हतं. मी काहीच म्हटलं नव्हतं. दुधाच्या डब्याचा एक तुकडा हरवला म्हणून सगळी वस्ती धावली, आणि चोवीस वर्षं संसार केलेला माणूस तीन तास दिसला नाही तर त्याच्या बायकोच्या हे ध्यानातही आलं नाही.

लाज वाटली की मला राग येतो. मी स्टूल ओढलं, पाना घेतला आणि फळ्याकडे निघाले. "पुरे झालं. एकोणीस अजून नाहीच, आणि आत यांच्याशिवाय कोणी नव्हतं. म्हणजे बिल्ला कोणाच्या तरी घरीच आहे. मास्तर, मी सांगितलं होतं."

"हो बाई," मास्तर म्हणाले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि स्टूल हलू नये म्हणून स्वतःच धरून उभे राहिले. 

मी पहिला बोल्ट फिरवला. तेवढ्यात कोणीतरी माझा एप्रन ओढला. खाली गोगलगाय उभी होती, एक पाय अनवाणी. तिच्या हातात बूट होता. तिने तो उपडा केला आणि बिल्ला पायरीवर पडला. तळव्यावर नंबराचा ठसा उमटला होता.

"एवढा वेळ बुटात घालून फिरत होतीस?" मी विचारलं. "कशासाठी?"

तिने एवढ्या हळू सांगितलं की सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. "बिल्ला राहिला की सगळे शोधायला येतात ना. मग बाबा पण येतील."

सुरुंगवाला दोर सोडत होता, त्याचे हात थांबले.

"आणि आले," ती म्हणाली. "मी कंदील धरला होता. पूर्ण वेळ बघितलं त्यांना."

खाणीत असं कोणी केलं तर त्याला तीन दिवस कामावर घेत नाहीत. मास्तरांनी तोंड उघडलं, ते हेच सांगणार असतील, पण त्यांनी ते परत मिटलं. सुरुंगवाला तिथेच मातीत बसला, पोरीचा पाय मांडीवर घेतला आणि काळ्या बोटांनी तो ठसा चोळत राहिला. दुसऱ्या पाळीला उशीर होत होता, पण कारकून आकाशाकडे बघत उभा होता. मी स्टुलावर उभी राहून रडत होते, हातात पाना घेऊन.

मग मी फिरवलेला बोल्ट परत घट्ट केला. त्याच संध्याकाळी मास्तरांनी नवा नियम लिहून फळ्याखाली लावला. एकोणीस नंबर आजपासून एकाच मुलीचा, आणि तो तिच्या वडिलांनी स्वतः येऊन अडकवायचा. दोन पाळ्यांच्या मधल्या तासात सुरुंगवाला आता रोज येतो, पोरीशेजारी बसून माझं सूप पितो, बिल्ला अडकवतो आणि तिथेच बाकावर झोपतो. सहाला पाच कमी असताना ती त्याला उठवते.

अर्थात दुसऱ्याच दिवशी चार बिल्ले हरवले, आणि सोमवारी अकरा. भोंगा वाजवून वाजवून मास्तरांचा खांदा धरला. शेवटी सगळेच नंबर मुलांना कायमचे वाटून टाकले. आता सव्वापाचला फळ्यासमोर काळ्या तोंडांच्या बापांची रांग लागते, आणि बापावेगळ्या तीन मुलांचे बिल्ले मास्तर स्वतः अडकवतात, मोठ्याने नाव घेऊन. सात नंबर कोणाला द्यायचा यावरून आता बाप भांडतात.

राहता राहिला शून्य. तो मी आता रोज घेते. गेल्या शुक्रवारी भांडी आवरल्यावर मी तो बुटात घातला आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. का, ते विचारू नका. थोड्या वेळाने आत मास्तरांचा आवाज आला. त्यांनी भोंगा वाजवला नाही. "पाळकसाहेब, शून्य नाही," एवढंच म्हणाले.

मग स्वयंपाकघरात पावलं वाजली. मग हॉलमध्ये. डोंगरात काहीतरी धडपडलं आणि डाव्या बुटांचा वर्षाव झाला. हे मला हाका मारत होते, आधी नेहमीसारख्या, मग जरा मोठ्याने, मग आवाज कापायला लागला. बिल्ल्याची कड पायाला टोचत होती. उठून 'ओ' द्यायला हवी होती, हे मला कळत होतं.

मी आणखी थोडा वेळ बसून राहिले.